चाचणीला परवाना क्रमांक कशाला?

काम देण्याआधी क्लायंटला फ्रीलान्सरची चाचणी घेण्याचा हक्क आहे. हे आधीच मान्य करून टाकतो, कारण फ्रीलान्सर मंडळी या विषयावर बोलायला बसली की पहिल्या चहाच्या आतच प्रत्येक क्लायंट चोर ठरतो आणि पुढचा सगळा वेळ गाऱ्हाण्यांत जातो. नाशिकच्या गंगापूर रोडवर नवं हॉटेल काढणारा माणूस माझं काम न बघता मला ॲडव्हान्स का देईल? त्याला आधी एकाने पैसे घेऊन टांग मारलेली असते. दुसऱ्याने नेटवरून उचललेला लोगो रंग बदलून गळ्यात घातलेला असतो आणि तोच लोगो पुढे परगावच्या एखाद्या लॉजच्या पाटीवर निघतो. त्यात आता एआय आलं. चकचकीत पोर्टफोलिओ कुणीही एका रात्रीत उभा करू शकतो, त्यामुळे ‘माझी आधीची कामं बघा’ एवढं म्हणून भागत नाही. क्लायंटचा संशय रास्त आहे.

तेव्हा चाचणी असावी की नसावी हा वादच नाही. वाद आहे तो चाचणी कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं याचा. माझं म्हणणं असं, की चाचणी म्हणून जे करून घेतलं ते क्लायंटला जसंच्या तसं वापरता येत असेल, तर ती चाचणी नव्हेच. ते काम आहे. त्याचे पैसे ठरवून, लिहून आणि शक्यतो आधी द्यायला हवेत, काम पसंत पडो वा ना पडो. आणि हे पाळायला लावायची जबाबदारी नव्याने धंद्यात आलेल्या पोरापोरींवर टाकून आम्हा जुन्यांना मोकळं होता येणार नाही.

ही रेघ ओळखायची कशी, ते माझ्याच धंद्यातून सांगतो. मी खाण्याच्या वस्तूंची पाकिटं करतो. डिझाइन आणि त्यावरचा मजकूर दोन्ही. समजा पिंपळगावकडच्या कुणा बेदाणावाल्याचं पाव किलोचं झिप पाउच आहे. निरोप येतो, ‘एक सँपल बनवा, आवडलं तर पूर्ण रेंज तुम्हालाच.’ पुढची बाजू करून पाठवली. ‘मस्त! मागची पण लावा, म्हणजे अंदाज येईल.’ मागची लावली. मग हळूहळू एकेक गोष्ट येऊ लागते. पोषणमूल्यांचा तक्ता येतो. शाकाहाराचं हिरवं चिन्ह विसरलात, असं कळवलं जातं. निव्वळ वजन आणि एमआरपी किती मोठ्या अक्षरांत हवी ते सांगितलं जातं, कारण त्या आकड्यांची उंचीही नियमांत ठरलेली आहे. बॅच नंबर आणि पॅकिंगच्या तारखेसाठी कोरी चौकट हवी असते. तक्रारीचा फोन नंबर येतो, बारकोड येतो. आणि शेवटी येतो अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक.

इथे थांबायचं. माझा हात कसा आहे, रंग कळतात की नाही, देवनागरी अक्षर नीट बसवता येतं की नाही, हे बघायला परवाना क्रमांक लागत नाही. चौदा शून्यं टाकली तरी भागतं. खरा क्रमांक फक्त एकाच कामासाठी लागतो, तो म्हणजे छपाई. त्यानंतर ‘तेवढी ओपन फाइल पाठवा, कोरलमध्येच असू द्या, प्रेसवाला मागतोय’ असा निरोप आला, म्हणजे थेट छपाईला जाणारी, बदल करता येणारी फाइलच मागितली, की उरलासुरला पडदाही गळून पडतो. प्रेसवाला कशाला मागेल? तो काही माझी परीक्षा घ्यायला बसलेला नाही.

गंमत पुढेच आहे. असं पाउच ग्रॅव्हुअर छपाईयंत्रावर छापायचं तर दर रंगामागे एक सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, आणि सिलिंडरचे पैसे छपाईवाला आधी ठेवून घेतो. रंग बदलला, मजकूर चुकला, तर नवा सिलिंडर आणि पुन्हा पैसे. त्याला कुणी म्हणत नाही की एक सिलिंडर फुकट कोरून दाखव, आवडला तर बाकीचे तुझ्याकडेच. सिलिंडर हातात घेता येतो, जड असतो, त्याची किंमत डोळ्यांना दिसते. त्यावर काय कोरायचं ते ठरवणारं काम मात्र ‘तुम्हाला काय, कॉम्प्युटरवर तर आहे’ या सदरात जातं.

नाशिकमध्ये या मुद्द्यावर एक उत्तर हमखास मिळतं, आणि ते मुंबई-पुण्याच्या उत्तरापेक्षा जास्त वजनदार आहे. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणारा उद्योजक म्हणतो, ‘अहो, आम्हीही सँपल फुकटच देतो. कंपनीचं ड्रॉइंग येतं, आम्ही मटेरियल आणतो, पीस पकडून ठेवणारं फिक्स्चर बनवतो, मशिनवर लावून पीस काढतो, त्याचा तपासणी अहवाल जोडून पाठवतो. पास झाला तर ऑर्डर. नाही झाला तर आमचं नशीब. तुम्ही काय वेगळे?’

हा माणूस खोटं बोलत नाही. मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा असाच चालतो आणि नाशिकच्या निम्म्या घरांत असं शॉप चालवणारा नाहीतर त्यात काम केलेला कुणीतरी असतो. त्याच्या प्रश्नाला ‘आमचं काम क्रिएटिव्ह असतं’ असं उत्तर देणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. पाच मायक्रॉनच्या अचूकतेने धातूत बोअर (भोक) पाडणाऱ्याने ते का ऐकून घ्यावं? उत्तर दुसरीकडे आहे. त्याने पाठवलेले सँपलचे पाच पीस कंपनीने ठेवून घेतले तरी त्यातून पाच गाड्यांचं भागेल. सहाव्या गाडीला नवा पीस लागतो, त्यासाठी त्याच्याच दारात यावं लागतं, नाहीतर दुसऱ्या कुणाला पैसे देऊन तो करून घ्यावा लागतो. सँपल हा त्याच्या मालाचा नमुना आहे, आख्खा माल नाही. माझ्या पाकिटाचं डिझाइन एकदाच होतं. ते मिळालं की लाखभर पाउच छापता येतात आणि लाखाव्या पाउचला माझी गरज शून्य. सँपल आणि माल यांत फरकच उरत नाही. सँपल म्हणून मी पाठवतो तेव्हा मी गोदामच पाठवलेलं असतं.

शिवाय त्याच्या धंद्यातही सगळं फुकट नसतं, हे तो चहा संपता संपता स्वतःच सांगतो. टूलिंगचा, म्हणजे फिक्स्चर वगैरे साधनांचा, खर्च अनेकदा कंपनी वेगळी ऑर्डर काढून देते, किंवा पुढच्या पीसांच्या भावात थोडा थोडा घालून वसूल करू देते. ड्रॉइंग कंपनीचं असतं, किती पीस, कोणत्या मापाचे, किती दिवसांत, हे सगळं कागदावर असतं. तसं कागदावर माझ्या वाट्याला आलं तर मी उद्यापासून अंबडच्या नियमाने चालायला तयार आहे.

प्रत्येक फुकट चाचणी लबाडीची असते असं मात्र नाही. अनुवादाच्या क्षेत्रात अडीचशे-तीनशे शब्दांचा उतारा फुकट करून द्यायची रीत आहे आणि मला त्यात वावगं काही दिसत नाही. एजन्सीकडे त्या उताऱ्याचा तपासलेला अनुवाद आधीच असतो. सगळ्या उमेदवारांना तोच उतारा जातो, कुणाचा अनुवाद कुठे छापायचा नसतो, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. खोट तेव्हा येते, जेव्हा प्रत्येकाला वेगळा उतारा जातो. एकाला पान चार, दुसऱ्याला पान पाच, तिसऱ्याला सहा. दहा जणांच्या ‘चाचण्या’ एकापुढे एक लावल्या की मशिनचं आख्खं मॅन्युअल मराठीत तयार. म्हणून अनुवादकाने विचारायचा पहिला प्रश्न पैशांचा नाहीच. ‘हाच उतारा सगळ्यांना दिला आहे का?’ एवढंच विचारावं. उत्तर द्यायला समोरचा अडखळला की कळायचं ते कळतं. प्रोग्रामरचंही तसंच. वर्गात शिकवतात तसलं कोडं सोडवायला देणं वेगळं, आणि कंपनीच्या चालू ॲपमधला खराखुरा बिघाड शोधून द्यायला सांगणं वेगळं.

सगळ्यांत वाईट जात म्हणजे योजना मागणारी चाचणी. ‘आमच्या रिसॉर्टसाठी तीन महिन्यांचा कंटेंट प्लॅन करून द्या, मग आपण बसू.’ लेबल चोरलं तर निदान चोरी दाखवता येते. योजनेचं तसं नाही.

इथे कायदा थोडा बघावा लागतो, कारण आपल्याकडे दोन्ही बाजूंना त्याबद्दल गैरसमज आहेत. क्लायंटला वाटतं, मी सांगितलं म्हणून केलं, म्हणजे ते माझं. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक ती करणारा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सामान्यतः मालकाकडे जातं, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. फोटो, पेंटिंग, फिल्म अशा काही प्रकारांत सांगून करून घेणाऱ्याकडे मालकी जाते. पण तिथेही अट आहे ती मोबदला देऊन करून घेतल्याची. फुकट चाचणीत मोबदलाच नाही. आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने करावे लागतात. नोंदणी केली नाही म्हणून हक्क बुडत नाही. नोंदणी सक्तीची नाही.

नाशिकसारख्या शहरातून काम करणाऱ्यासाठी या कायद्यातलं सर्वांत उपयोगी कलम बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. कलम ६२ नुसार कॉपीराइटभंगाचा दावा, दावा करणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, नाशिकच्या डिझायनरला सीबीएस बसस्थानकाजवळचं आपलं जिल्हा न्यायालय मोकळं आहे. त्याशिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे: फुकट देण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. मात्र ‘फुकट देण्याचा हेतू नव्हता’ हे दाखवायचं तर तसा एखादा ओळीचा तरी पुरावा हवा. ‘हे सँपल फक्त निवडीसाठी आहे, वापरायचं असल्यास अमुक रक्कम’ ही ओळ मेलमध्ये असली तर गोष्ट निराळी होते. नसली तर वकीलही मान हलवत बसतो.

दुसरा गैरसमज आपला आहे. आपल्याला वाटतं, आयडिया माझी होती, त्याने ती चोरली, आता बघतो त्याला. कॉपीराइट आयडियाला नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो. बेदाण्याच्या पाकिटावर द्राक्षाच्या वेलीची पैठणीसारखी किनार काढायची, ही कल्पना माझी असली आणि क्लायंटने ती ऐकून भाच्याकडून वेगळी किनार काढून घेतली, तर मला फारसं काही करता येत नाही. म्हणून योजनेची चाचणी द्यायची नाही ती नाहीच. तिथे कायदा पाठीशी उभा राहणं कठीण.

आणि ज्या कायद्याचा छोट्या व्यावसायिकांना खरा आधार आहे, तो तर फुकट चाचणीच्या वाटेला जातच नाही. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे आणि सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचायला बरं वाटतं. पण फुकट चाचणीत बिलच नसतं. बिल नाही तर ४५ दिवस मोजायचे कुठून आणि व्याज लावायचं कशावर? चाचणीला कितीही छोटी का होईना, रक्कम लावून घ्यायची ती यासाठी. हजार रुपयांचं का असेना, बिल फाडलं की तुम्ही उमेदवार राहत नाही, पुरवठादार होता.

कोर्टाच्या पायऱ्या चढायला कुणाला आवडतं? पाच हजारांच्या लेबलसाठी कुणी दावा लावणार नाही हे क्लायंटला माहीत असतं आणि आपल्यालाही. कलमं सांगितली ती भांडायला नव्हे. ‘आमच्या पैशाने नसेल, पण आमच्या ऑर्डरने तर केलंत ना’ असं कुणी म्हणालं, तर त्यावर मान खाली घालायचं कारण नाही, एवढं कळावं म्हणून.

आता क्लायंटच्या फायद्याची गोष्ट, जी त्यांना कुणी सांगत नाही. फुकट चाचणीतून त्यांना चुकीचा माणूस मिळतो. कसा ते बघा. दोन दिवसांची फुकट चाचणी द्यायला कुणाकडे वेळ असतो? ज्याच्याकडे काम नाही त्याच्याकडे. चांगला डिझायनर त्या दोन दिवसांत पैसे देणाऱ्या क्लायंटचं काम पुरं करत असतो. इंदिरानगरमध्ये राहणारी, मुलगी शाळेतून यायच्या आत चार तास बसून उत्तम कॉपी लिहिणारी बाई ते चार तास तुमच्या चाचणीवर उधळणार नाही. त्या दोघांना तुम्ही चाचणी लावण्याआधीच बाद केलंत. उरलेल्यांतून निवडता, आणि मग ‘नाशिकमध्ये चांगली माणसंच मिळत नाहीत’ म्हणून मुंबईच्या एजन्सीला तिप्पट देता. ती एजन्सी तेच काम खाली सोडते, बऱ्याचदा नाशिकच्याच माणसाकडे!

दुसरं असं, की काम कशावरून बिघडतं? हात चांगला नसल्यावरून क्वचित. ते बिघडतं तिसऱ्या करेक्शनला वैताग येण्यावरून, फोन न उचलण्यावरून, शुक्रवारी देतो म्हणून पुढच्या बुधवारी देण्यावरून, प्रेसला गेलेल्या फाइलमध्ये जुनी एमआरपी राहण्यावरून. फुकट चाचणीत यातलं काहीच दिसत नाही. तिथे प्रत्येक जण शहाण्यासारखा वागतो. आणि एआयचं म्हणाल तर घरी बसून केलेली चाचणी एआयने केली की माणसाने, हे पोर्टफोलिओइतकंच अंधारात राहतं. त्यापेक्षा समोर बसवून वीस मिनिटं जुन्या कामाबद्दल विचारा. हा रंग का घेतला, पहिला मसुदा कसा होता, क्लायंटने काय नाकारलं, का नाकारलं. ज्याने स्वतः केलंय तो थांबत नाही, त्याला गप्प करावं लागतं. या वीस मिनिटांचे पैसे कुणी मागत नाही.

याहूनही बरं म्हणजे खरंच एक छोटं काम पैसे देऊन करून घ्यावं. पूर्ण रेंज राहू द्या, एकाच पाउचची पुढची बाजू. त्यात दोन करेक्शन, ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम. त्या आठवड्यात क्लायंटला सगळं दिसतं. आणि मलाही दिसतं. ही बाजू आपण विसरतो: पैसे देऊन घेतलेली चाचणी ही क्लायंटचीही चाचणी असते. दीड हजार रुपये द्यायला जो तीन आठवडे ‘अकाउंटंट सुट्टीवर आहे’ सांगतो, तो चाळीस हजार किती महिन्यांत देईल, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

मी स्वतः असा निरोप पाठवतो, हवा तर उचलावा: ‘सर, आधी केलेली तीन पाकिटं सोबत पाठवली आहेत, ती बाजारात मिळतात, हातात घेऊन बघू शकता. तुमच्याच पाकिटावर माझं काम बघायचं असेल तर पुढची बाजू एवढ्या रकमेत, चार दिवसांत करून देतो. पूर्ण काम दिलंत तर ही रक्कम त्या बिलातून वजा करू.’ त्यात राग नाही, उपदेश नाही, ‘माझा वेळ मौल्यवान आहे’ वगैरे भाषण नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ज्याला खरंच काम द्यायचं आहे त्याला ती चाचणी फुकटच पडते, कारण रक्कम वळती होते. ज्याला द्यायचं नाही त्यालाच ती महाग वाटते. या निरोपाला काहींचं उत्तर येतच नाही. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. माझं कुठे घोडं अडलंय?

आणि नेमकं हे शेवटचं वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण माझं घोडं अडत नाही ते हातात इतर कामं आहेत म्हणून. गेल्या वर्षी शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या पोराचं अडतं. ‘स्वाभिमान ठेव, फुकट करू नकोस’ असं त्याला समाजमाध्यमांवरून ओरडून सांगणारे आम्ही ज्येष्ठ लोक मोठे साळसूद. त्याने नकार दिला तर क्लायंट त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे जातो, आणि तिच्या घरचे हप्ते थकलेले असतात. एकेकट्याच्या स्वाभिमानावर ही रीत मोडणार नाही. ज्याचं पान भरलेलं आहे त्याने आधी नाही म्हणायचं असतं. मी मोठ्या क्लायंटची फुकट चाचणी ‘ओळख वाढेल’ म्हणून गुपचूप दिली, तर उद्या त्या क्लायंटने नव्या पोराला ‘अहो, ते एवढे अनुभवी, त्यांनीही दिली’ असं ऐकवायचं साधन मीच त्याच्या हातात दिलेलं असतं.

नव्या माणसाकडे दाखवायला काम नसतं ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय क्लायंटची फुकट चाकरी नव्हे. काल्पनिक ब्रँड घ्या, त्याची पाकिटं करा, तसं स्पष्ट लिहून दाखवा. फुकट करायचंच असेल तर कुणासाठी करायचं ते आपण ठरवावं: गल्लीतली व्यायामशाळा, गावचं वाचनालय, बचत गटाच्या पापडांचं लेबल. तिथे नाव तुमचं राहतं, काम खरोखर वापरात येतं आणि कुणी तुम्हाला फसवून ते घेतलेलं नसतं. नफ्यासाठी धंदा करणाऱ्याला दान देण्याचं मात्र काही कारण नाही.

याच पोरांना गाठणारा आणखी एक प्रकार म्हणजे स्पर्धा. ‘लोगो बनवा, बक्षीस पाच हजार’, आणि खाली बारीक अक्षरांत: सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील. जिंकलेल्या प्रवेशिकेचे समजू शकतो, पण हरलेल्यांचेही? दोनशे डिझाइनं पाच हजारांत! स्पर्धा नीट कशी घेतात याचं उदाहरण सरकारनेच घालून दिलंय. रुपयाचं चिन्ह ठरवण्यासाठी स्पर्धा घेतली तेव्हा अंतिम फेरीतल्या पाचही जणांना २५ हजार रुपये होते आणि निवडलेल्या चिन्हाला अडीच लाख. १५ जुलै २०१० ला डी. उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर झालं. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटांवर आज तेच आहे. पहिल्या फेरीत हजारो लोकांनी फुकट मेहनत केली हे खरंच आहे आणि त्यावर आक्षेप घेणारे डिझायनर आहेतच. पण निवड पाचांवर आल्यावर हरणाऱ्यांच्या कष्टालाही किंमत ठेवली. तेवढं तरी गल्लीतल्या स्पर्धेने करावं. फ्रीलान्सरना कामं मिळवून देणाऱ्या अपवर्कसारख्या परदेशी संकेतस्थळावरही निवडीसाठी क्लायंटने फुकट काम मागणं नियमांत बसत नाही, त्याची तक्रार करता येते. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून फ्रीलान्सरचं ८०० डॉलर आणि त्यापुढचं काम लेखी कराराशिवाय द्यायला बंदी घातली आहे. आपल्याकडे तसा कायदा उद्या येईल या आशेवर बसायची गरज नाही. वर सांगितलेली कलमं पुरेशी आहेत, रीत तेवढी पडायला हवी.

रीत पाडायला नाशिक हे तसं सोयीचं शहर आहे. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना इथे आहेत, त्यांचे सभासद स्वतः पुरवठादार म्हणून मोठ्या कंपन्यांच्या थकबाकीने पोळलेले आहेत. त्यांनी आपल्या सभासदांना एवढंच सुचवावं: डिझाइन, मजकूर, अनुवाद, सॉफ्टवेअर यांची चाचणी वापरण्याजोगी असेल तर तिला रक्कम लावा, आणि ती ब्रीफमध्येच, म्हणजे काम काय ते सांगणाऱ्या कागदावरच, लिहा. ठराव करा, सोहळा करा असं म्हणत नाही. खरेदी विभागाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला तरी पुरे.

घाई एवढ्यासाठी, की २०२७ चा सिंहस्थ आहे. माहितीपत्रकं, दिशादर्शक फलक, ॲप, रील, चार-चार भाषांतले अनुवाद, हॉटेलांच्या नव्या पाट्या. एवढं काम या शहरात एका वेळी क्वचितच येतं. त्यातलं बरंचसं बाहेरच्या एजन्सींच्या हातून खाली येणार आणि प्रत्येक एजन्सी म्हणणार, वेळ कमी आहे, तेवढं एक सँपल पाठवा. त्र्यंबकच्या वाहनतळाच्या फलकाचं हे सँपल मागताना त्यांनी फलकाचं नेमकं माप, खांबाची उंची आणि लावायची तारीख कळवली, तर उत्तरात सँपल पाठवू नका. कोटेशन पाठवा.